टिपण, तळटीप आणि यंत्राचे वाक्य

संदर्भांची नोंद ठेवणारी संगणकीय साधने वापरावीत की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संशोधन-साधने, हा प्रश्न विद्यापीठीय वर्तुळात सामान्यतः सोयीचा आणि वेळेच्या बचतीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो प्रमाणाचा प्रश्न आहे. एखादे विधान कोणाच्या साक्षीवर उभे आहे आणि त्या साक्षीपर्यंत वाचकाला परत जाता येते काय, या दृष्टीने पाहता ही साधने दोन भिन्न ज्ञानव्यवहारांतून आलेली दिसतात.

पहिल्या व्यवहाराचे मूळ चिठ्ठीत आहे. झुरिकच्या कॉनराड गेसनरने १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. टिपणे कापून सुट्या चिठ्ठ्या विषयवार लावण्याची रीतही त्याने पुढे वर्णिली. विसाव्या शतकात जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान याच्या कपाटांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमल्या. १९८८ मधील ‘एंडनोट’ आणि जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहासकारांच्या केंद्रातून २००६ मध्ये आलेले ‘झोटेरो’ यांनी हेच कपाट संगणकात आणले. शोधणे व तळटिपा रचणे सुकर झाले. परंतु काय वाचावे, काय टिपावे आणि कशासाठी टिपावे, हा निर्णय अभ्यासकाकडेच राहिला.

मराठी अभ्यासकाला ही शिस्त परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखिते तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचे महत्त्व केवळ स्वीकृत संहितेत नाही. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे पाठ नाकारले, तेही पृष्ठाच्या तळाशी नोंदलेले आहेत. त्यामुळे संपादकाचा निर्णय अमान्य करण्याची सामग्री त्याच पृष्ठावर वाचकाच्या हाती येते. संदर्भ म्हणजे अधिकाराचा शिक्का नव्हे, तर मतभेदाची सोय होय, ही जाणीव या तळटिपांमागे आहे.

दुसऱ्या व्यवहारात संदर्भ हा गणनेचा विषय होतो. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी उद्धरणसूचीची कल्पना मांडली, तेव्हापासून कोण कोणाचा निर्देश करतो हे मोजता येऊ लागले. भाषिक प्रतिमानांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. संभाव्य शब्दामागून संभाव्य शब्द ठेवणाऱ्या यंत्राला ग्रंथनिर्देश हाही एक वाक्यप्रकारच असतो: आडनाव, वर्ष, शीर्षक, पृष्ठांक. असा निर्देश रचण्यासाठी तो ग्रंथ अस्तित्वात असण्याची गरज नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने शास्त्रीय लेखनासाठी आणलेले ‘गॅलॅक्टिका’ तीन दिवसांत मागे घ्यावे लागले. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ‘चॅटजीपीटी’ने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला.

त्यानंतरची साधने आधी लेखसंग्रहात शोध घेतात आणि मग दुव्यांसह उत्तर रचतात. त्यामुळे कल्पित ग्रंथांचे प्रमाण घटते, हे मान्य करावयास हवे. मात्र प्रश्न तेथे संपत नाही. ग्रंथ खरा असला तरी तो तेच म्हणतो काय, हे पाहावेच लागते. शिवाय कोणते लेख वगळले गेले आणि का, याची नोंद उत्तरात सहसा नसते. नाकारलेला पाठ येथे पृष्ठाच्या तळाशी उतरत नाही. तो नाहीसा होतो.

मराठीच्या संदर्भात ही उणीव अधिक गंभीर ठरते. ही साधने मुख्यतः संगणकीय सूचींत नोंदलेल्या आणि बहुतांशी इंग्रजीत असलेल्या लेखनावर अवलंबून आहेत. शं. ग. दाते यांच्या सूचीत १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथ नोंदलेले आहेत. पण त्यांतील कितीतरी ग्रंथांची, तसेच जुन्या नियतकालिकांतील लेखांची, वाचनीय संगणकीय संहिता उपलब्ध नाही. अशा विषयावर यंत्राने संशोधन झालेले नसल्याचे सांगितले, तर ते मौन सूचीचे असते, परंपरेचे नव्हे. ते परंपरेचे मानणारा विद्यार्थी आपल्याच पूर्वसूरींना पुसून टाकतो.

संदर्भ-व्यवस्थापनाची साधनेही निर्दोष नाहीत. शके १८०० असे छापलेले वर्ष त्यांत इसवी सन म्हणून बसते. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले या दोन व्यक्ती ठरू शकतात. परंतु ही चूक नोंदीत दिसते आणि दुरुस्त करता येते. उलट, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी रुजविलेली साम्य-तपासणी उसना मजकूर शोधते. कल्पित संदर्भ कशाशीच जुळत नसल्याने त्या चाळणीतून तो मौलिक म्हणून सुटू शकतो.

म्हणून निवड करावयाची ती कामांच्या क्रमाची. अपरिचित क्षेत्रात दिशा शोधण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन जरूर वापरावे. मात्र त्याने सुचविलेला ग्रंथ उघडून, पृष्ठ वाचून, स्वतः टिपण केल्याशिवाय त्याची नोंद संदर्भसंग्रहात होऊ नये. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत परीक्षक तळटिपेवर बोट ठेवतो, तेव्हा उत्तर यंत्राला द्यावे लागत नाही. ज्याने ते पृष्ठ वाचले आहे, त्यालाच ते देता येते.