कॉलेज वाचवणारी माजी मंडळी

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ कोपऱ्यातलं विल्यम्स कॉलेज १८२१ साली बंद पडायच्या बेतात होतं. गाव आडवळणाचं, विद्यार्थी मोजके, तिजोरीत खडखडाट. कॉलेज इथून हलवा, असा धोशा काहींनी लावला होता. तो बेत फसला तेव्हा खुद्द अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर राजीनामा देऊन ॲमहर्स्टच्या नव्या कॉलेजवर गेले आणि जाताना पंधराएक विद्यार्थी बरोबर घेऊन गेले. ग्रंथालयातली पुस्तकंही त्यांनी लांबवली, ही दंतकथा विल्यम्सवाले अजून चवीनं सांगतात; पुरावा मागू नये. त्या वर्षीच्या पदवीदानाला आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी तिथंच बैठक भरवली आणि कॉलेज बुडू द्यायचं नाही म्हणून संघ काढला. अखंड चालत आलेला जगातला सर्वांत जुना माजी विद्यार्थी संघ तो हाच.

म्हणजे आपण ज्याला आज गेट-टुगेदर म्हणतो, त्याच्या मुळाशी आठवणींचा उमाळा कमी आणि धास्ती जास्त होती.

हौसमौज नव्हतीच असं नाही. हार्वर्डच्या १८२९च्या बॅचमध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स हा डॉक्टर-कवी होता. बॅचच्या वार्षिक जेवणासाठी त्यानं १८५१पासून १८८९पर्यंत नेमानं कविता लिहून वाचल्या. ऐकणाऱ्यांत सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश राहिलेला एक, बेंजामिन पर्स हा नावाजलेला गणिती, आणि अमेरिकेत शाळाशाळांतून गायलं जाणारं ‘अमेरिका’ हे गीत लिहिणारा पाद्री सॅम्युएल स्मिथ. शेवटची कविता वाचली तेव्हा पदवी मिळून साठ वर्षं झाली होती. इतकी चिकाटी क्वचितच दिसते. पण असल्या जेवणावळींतून कॉलेज वाचलं की नाही, हा प्रश्न हार्वर्डला कधी पडला नाही. पुण्याला पडला.

विल्यम्सचा संघ निघाला त्याच वर्षी, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं. पेशवाई बुडून तीनच वर्षं झाली होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशव्यांच्या दक्षिणा फंडातला काही पैसा या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. दुखावलेलं पुणं थोडं निवळावं हाही हिशेब त्यात होताच. १८५१ साली तिचं पूना कॉलेज झालं, १८६४ साली डेक्कन कॉलेज. जीजीभॉय घराण्याच्या लाख रुपयांच्या देणगीचा हातभार लागून येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज गावाबाहेरच्या त्या माळावर गेलं.

गाव लांब पडलं, हे एका अर्थी बरंच झालं. मुलं वसतिगृहात राहिली, एकत्र जेवली, मुळा-मुठेच्या पात्रात होड्या वल्हवायला गेली. घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्यांत अशी घसट होत नाही. टिळक पहिल्या वर्षी पुस्तकांपेक्षा तालमीत जास्त रमले ते इथंच. आगरकरांकडे एकच सदरा होता, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी अंगावर चढवायचा, अशी हकीगत सांगतात. १८७९च्या सुमारास टिळक वकिलीचा आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करत होते. कॉलेजच्या मागच्या टेकडीवर फिरताना आणि खोलीवर रात्री जागवताना दोघांचं एकच बोलणं चाले: सरकारी नोकरी नको, शाळा काढायची. १८८०च्या २ जानेवारीला न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. ते काढण्यात पुढाकार घेणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हेही डेक्कनचेच. आगरकर परीक्षा आटपून पुढच्या वर्षी आले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ साली फर्गसन कॉलेज. माजी विद्यार्थ्यांनी पदवीनंतर एकत्र येऊन काय करावं, याचा मराठी मुलखात याहून मोठा दाखला सापडणं कठीण.

गंमत अशी, की याच उद्योगानं पुढं जुन्या कॉलेजची गरज कमी केली. १९३०च्या दशकात मंदी आली आणि मुंबई सरकारनं काटकसरीची कात्री हातात घेतली. तोवर पुण्यात फर्गसन भरभराटलं होतं, सर परशुरामभाऊ कॉलेज होतं, १९३२ साली वाडिया कॉलेजही निघालं होतं. खाजगी संस्था शिकवतायत, मग सरकारनं खर्च कशाला करायचा? १९३४ साली डेक्कन कॉलेजला कुलूप लागलं.

एरवी अशा वेळी काय होतं ते ठाऊक आहे. निषेधाची सभा भरते, चार-दोन वक्ते गहिवरतात, वर्तमानपत्रांना पत्रं जातात, आणि इमारतीत एखादं सरकारी खातं बस्तान मांडतं. डेक्कनच्या माजी विद्यार्थी संघानं थेट सरकारवर दावा लावला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा कायद्याचा होता: ही इमारत देणगीतून उभी राहिली आहे, ती देणगी शिक्षणासाठी दिलेली आहे, आणि ती एकदा पदरात घेतल्यावर सरकारला मनाला येईल तसं अंग काढून घेता येणार नाही. या मंडळींतले बरेच जण उतारवयाला लागले होते. सरकार दरबारी ज्यांची उठबस, त्यांनी सरकारलाच कोर्टात खेचायचं, हे त्या काळात सोपं नव्हतं.

खटला चालला आणि अखेर तडजोड झाली. १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजचं दार पुन्हा उघडलं, पण बी.ए.च्या वर्गांसाठी नव्हे. पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून. जे गेलं तेच्या तेच परत मिळवायचा हट्ट धरला असता तर फर्गसन-वाडियांच्या गर्दीत आणखी एक कॉलेज, एवढीच भर पडली असती.

नव्या संस्थेत आलेली माणसं पाहावीत. पुरातत्त्वाला ह. धी. सांकळिया; जोर्वे, नेवासे या गावांच्या पोटातला प्राचीन महाराष्ट्र त्यांच्या उत्खननांतून वर आला. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राला इरावती कर्वे. भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे; त्यांनी १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा महाकोश करायला घेतला. त्यासाठी दीड हजारांवर ग्रंथ धुंडाळून हातानं लिहिलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथं खणांच्या कपाटांत लावून ठेवल्या आहेत. एकेका चिठ्ठीवर एक शब्द, तो कोणत्या ग्रंथात कुठं आला त्याची नोंद, आणि तेवढ्यापुरतं वाक्य. कोशाचा पहिला खंड निघायला १९७६ साल उजाडलं. काम अजून चालूच आहे. कोर्टाची पायरी चढणाऱ्या त्या मंडळींपैकी कुणाच्या डोळ्यांपुढं हा कोश असेल, असं वाटत नाही. दार उघडं ठेवायचं, एवढंच त्यांनी पाहिलं.

आज जवळपास प्रत्येक कॉलेजात माजी विद्यार्थी संघ असतो. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात नोंदणीकृत संघाबद्दल विचारणा होते, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो कागदावर तरी असतोच. बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप मात्र त्याहून जिवंत असतात; कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बायपास, सगळं तिथं कळतं. पण ग्रुपला कोर्टात उभं राहता येत नाही. नोंदणी असलेल्या संघाला येतं. तेव्हा पुढच्या मेळाव्याला टी-शर्टचा रंग ठरवून झाला की आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: आपल्या संघाची नोंदणी चालू आहे का, आणि कॉलेजातला कुठला विभाग बंद करायचं चाललंय. सदस्यत्वाचा अर्जही त्याच दिवशी भरून टाका.