खापराची साक्ष

जाणता कुंभार माती चोळून पाहतो नि तिचा गुण ओळखतो. रसायनशास्त्रज्ञ तेच करतो. त्याची चिमूट तेवढी बारीक!

१९४५ साली व्हीलरसाहेबांना पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला आतून नक्षीची वलये असलेल्या थाळ्या सापडल्या. सोबत इटलीची भांडी होती. म्हणून थाळ्यांचे मूळही त्यांनी भूमध्यसागराकडेच शोधले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विश्वास गोगटे यांनी खापरांची पूड क्ष-किरणांनी तपासली. १९९७ साली त्यांनी सांगितले, ही माती बंगालच्या चंद्रकेतुगढ–तामलुक भागातली! २००५ च्या रासायनिक तपासणीतही अरिकमेडू नि श्रीलंकेतील अनुराधपूर येथील अशा खापरांची माती एकाच मुलखाची निघाली.

आपल्याच कुंभाराचे श्रेय परक्याच्या नावे पडले होते, बरं का! गुरुजी, शेतात खापर दिसले तर फेकू नका. जागा टिपून ठेवा.