निळ्याखालचा पांढरा

तुमच्या जीन्सचे गुडघे आता पांढुरके झालेत. दुकानात मुद्दाम घासून विटवलेल्या जीन्स रांगेनं टांगलेल्या असतात, पण तुम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बरोबरच करता. विटवायचं काम ज्याचं त्यानं करावं.

तर हीच विजार घालून मागे चला.

१८७०-७१ चा हिवाळा, नेवाडातलं रेनो गाव. मूळचा रीगाचा शिंपी जेकब डेव्हिस याच्या दुकानात तुम्ही उभे आहात. तो तंबू शिवतो, घोड्यांच्या झुली शिवतो. एका लाकूडतोड्याची बायको आली आहे. नवऱ्याची विजार टिकत नाही, काहीतरी दणकट शिवून द्या म्हणते. तीन डॉलर ठरतात. झुलींचे पट्टे ठोकायचे तांब्याचे रिव्हेट टेबलावर पडलेलेच असतात. डेव्हिस ते उचलतो आणि खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकतो. तुम्ही निळ्या कापडाच्या आशेनं वाकून बघता, तर समोर डक नावाचं पांढरट, जाड कापड. रिव्हेटची ती पहिली विजार निळी नव्हतीच!

डक तो सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस यांच्याकडून मागवायचा. पुढे या रिव्हेटच्या पेटंटसाठी त्यानं त्यांनाच पत्र लिहून भागीदारी मागितली. २० मे १८७३ ला पेटंट मिळालं.

निळं डेनिम यायचं देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरच्या अमोस्केग गिरणीतून. निळीच्या कुंडातून सूत वर येतं तेव्हा ते हिरवट-पिवळं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. बुडवा, वर काढा, पुन्हा बुडवा. तरी रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. ताणा निळा, बाणा कोरा, आणि निळ्या सुताच्या पोटातही पांढरा कापूसच. तुमच्या गुडघ्यांवर आज जो वर आलाय तो हाच. अमेरिकेत हा कापूस पिकायचा दक्षिणेत. यादवी युद्धाआधी तो वेचणारे बहुतेक हात गुलामांचे होते, आणि गुलामी उठल्यावरही त्यातले कित्येकजण दुसऱ्याच्याच जमिनीत वाट्यानं राबत राहिले. विजारीवर शिंप्याचं नाव येतं, व्यापाऱ्याचं येतं. वेचणाऱ्याचं येत नाही.

आणखी मागे या. १८६४, मुंबई, कुलाब्याचं कॉटन ग्रीन. अमेरिकेत यादवी पेटली आहे, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली आहेत. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा, मिळेल तिथला हवा. गुजरात, खानदेश, वऱ्हाडची रुई इथे येऊन पडते आहे. गासड्यांच्या भिंती, हमालांचा आरडाओरडा, नाकातोंडात तंतू. एक मुकादम चिमूटभर रुई ओढून धागा बघतो. आखूड आहे, पण आज आखडूपणा करायला कुणाला वेळ आहे? वजन वाढवायला वाळू नि पाणी घालण्याचे प्रकार इतके माजलेत की गेल्याच वर्षी सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पैसा मात्र धो धो वाहतो आहे, आणि समुद्र बुजवायला निघालेल्या कंपन्यांच्या शेअरांवर लोक तुटून पडलेत.

तुम्हाला राहवत नाही. “मुकादम, पुढच्या एप्रिलात अमेरिकेतली लढाई मिटतेय. भाव कोसळतील, पेढ्या बुडतील. शेअर घेऊ नका.”

तो तुमच्याकडे बघतच नाही, तुमच्या विजारीकडे बघतो. मांडीवरचं कापड चिमटीत धरून चोळतो. “हे तर डोंगरीचं जाडंभरडं! खलाशी नेतात. आणि गुडघ्यावर तर पार विटलंय. केवढ्याला घेतलंत?”

तुम्ही खरं ते सांगता. साडेतीन हजार रुपये.

“अरे गणपत, इकडे ये! या पाहुण्यांनी या विजारीचे साडेतीन हजार मोजले. आणि हे आपल्याला भाव शिकवताहेत!”