पाण्यात बसून पाहिले काय?

युरोपहून परतलेल्या मराठी माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाहिले काय काय? त्याने रोम, पिसा, व्हेनिस अशी नावे घेतली की ऐकणाऱ्याचे समाधान होते. पण एखादा म्हणाला, ‘आम्ही नेपल्ससमोरच्या इस्किया बेटावर समुद्राकाठच्या एका स्पा-हॉटेलात चार दिवस राहिलो आणि बहुतेक वेळ गरम कुंडांत बसलो’, तर ऐकणारा क्षणभर गप्प होतो. त्या हॉटेलात लहान मुलांना प्रवेश नव्हता असे कळले, तर गप्प बसण्याचे रूपांतर नापसंतीत होते. ही नापसंती आता सार्वत्रिक मत झाली आहे. मला ते मत चुकीचे वाटते, आणि त्या किनाऱ्यावर माझा जीव असल्याने ते मुकाट्याने ऐकून घेणे मला जमत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो मूर्खांचा नाही. प्रवास म्हणजे पाहणे. गरम पाणी आणि टॉवेल जगात कुठेही सारखेच, मग त्यासाठी भूमध्य समुद्र कशाला? हा झाला मुख्य आक्षेप. दुसरा असा, की ही धनिकांची चैन आहे. तिसरा, मुलांना दाराबाहेर ठेवणारी जागा असंस्कृत होय. आणि या पाण्याच्या औषधी गुणांचा डांगोरा शास्त्रापुढे टिकत नाही, असेही कोणी जोडतो.

या पक्षाला थोर वकीलही लाभला आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका इसवी सनाच्या पहिल्या शतकात नेपल्सच्या आखातातील बाइए या स्नाननगरीत गेला आणि दुसऱ्याच दिवशी निघून आला. ल्युसिलियसला लिहिलेल्या एक्कावन्नाव्या पत्रात त्याने त्याची कारणे दिली आहेत. याहून भारदस्त साक्षीदार प्रतिपक्षाला मिळणार नाही.

पण साक्ष पुरती वाचावी. सेनेकाचा रोख कशावर आहे? किनाऱ्यावर झोकांड्या खात फिरणारे मद्यपी, नौकाविहाराचा गोंगाट, पाण्यावर घुमणारी गाणी. त्याला खुपला तो कल्लोळ. आज जी स्नानगृहे आवाजाला, धावपळीला आणि वयालाही मर्यादा घालतात, ती त्याच्याच तक्रारीचे निवारण करतात. साक्षीदार प्रतिपक्षाने आणला. साक्ष मात्र आमच्या बाजूने झाली.

आता मुख्य आक्षेप. गरम पाणी सगळीकडे सारखे, हे विधान तपासू. बाइएला एक घुमट उभा आहे. त्याला ‘बुधाचे मंदिर’ म्हणतात, पण ते मंदिर कधीच नव्हते. ते स्नानगृहाचे दालन होते. व्यास साडेएकवीस मीटरच्या आसपास, मधोमध आभाळाकडे उघडणारा गोल झरोका. रोममधले पँथिऑन पाहायला आपल्या सहलींच्या बसगाड्या रांगेने उभ्या राहतात. बाइएचा हा काँक्रीटचा घुमट पँथिऑनच्या घुमटाहून शंभरावर वर्षांनी जुना आहे. ज्या रचनेला आपण रोमन प्रतिभेचा कळस मानतो, तिचा एक थोरला भाऊ माणसांना पाण्यात बसता यावे म्हणून बांधला गेला. मग पँथिऑनखाली मान वर करून दहा मिनिटे उभे राहणे हे पाहणे, आणि ज्या कामासाठी असे घुमट उभारले गेले ते स्वतः करणे हे न पाहणे, असे कसे?

इस्कियावर तर पाणीच बेटाचा इतिहास सांगते. सेहेचाळीस चौरस किलोमीटरचे हे बेट ज्वालामुखीने घडवले. मधोमध 789 मीटरचा एपोमेओ. शेवटचा उद्रेक 1302 साली झाला, पण आतली भट्टी विझलेली नाही. पावसाचे आणि समुद्राचे पाणी खडकांच्या भेगांतून खाली उतरते, तापते आणि क्षार घेऊन वर येते. फोरिओजवळच्या चितारा किनाऱ्यावर वीसेक कुंडांची उतरंड आहे. एक 28 अंशांचे, तर एक 40 अंशांचे. एकातून दुसऱ्यात जाताना पायाखालची जमीन काय आहे हे अंगाला कळते. याच भूगर्भाच्या हालचालींनी 28 जुलै 1883 च्या रात्री कासामिच्चोला गाव भुईसपाट केले. दोन हजारांहून अधिक माणसे गेली. सतरा वर्षांचा बेनेदेत्तो क्रोचे तासन्‌तास ढिगाऱ्याखाली होता. त्याचे आईवडील आणि बहीण तिथेच संपले. पुढे तोच इटलीचा मोठा तत्त्वज्ञ झाला. उन्हाळ्यातल्या विश्रांतीसाठी ते कुटुंब त्या गावात उतरले होते. हे ठाऊक असलेला माणूस त्या कुंडात बसला, तर तो नुसता पाण्यात बसलेला नसतो.

आणि बाहेर पडायला कोणी मनाई केली आहे? लाक्को अमेनोच्या किनाऱ्यावर मी उतरलो होतो. तिथून चालत व्हिल्ला आर्बुस्तोच्या संग्रहालयात जाता येते. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात याच जागी ग्रीक येऊन वसले. 1954 साली त्यांच्या दफनभूमीत सापडलेला ‘नेस्तोरचा प्याला’ तिथे आहे. त्यावर खरवडलेल्या तीन ओळी ग्रीक लिपीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी आहेत. सकाळी कुंड, दुपारी झोप, संध्याकाळी हा मातीचा प्याला. चार दिवसांत मी त्याच्यापुढे तीनदा उभा राहिलो. सात शहरांच्या सहलीत हे जमले असते का? भिंतीआड सारे जग विसरायला लावणारी, गावाची घंटाही ऐकू न येणारी बंदिस्त रिसॉर्टे भूमध्य किनाऱ्यावर आहेत. त्यांचे समर्थन मी करत नाही. पण त्यांच्यावरून सर्वांचा निकाल लावू नये.

चैनीचा आक्षेप अर्धा खरा आहे. समुद्रालगतच्या हॉटेलांचे दर चढे असतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ही परंपराच धनिकांची, हे खोटे. नेपल्सच्या पिओ मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेने सतराव्या शतकाच्या आरंभीच कासामिच्चोलाला गरीब रुग्णांसाठी स्नान-रुग्णालय उभारले. कॅराव्हाज्जिओने 1607 मध्ये ‘दयेची सात कृत्ये’ हे चित्र रंगवले ते याच संस्थेच्या चर्चसाठी. आजही इटलीची सरकारी आरोग्यसेवा ठरावीक आजारांत, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, वर्षातून एकदा बारा दिवसांचे स्नानोपचार देते. आणि ज्याच्या खिशात काहीच नाही त्याने पान्झा गावाखालच्या पायऱ्या उतरून सोर्जेतोच्या खाडीत बसावे. तिथे उकळते झरे थेट समुद्रात मिसळतात. तिकीट नाही.

मुलांचे म्हणाल, तर मराठीत घोटाळा शब्दाने केला आहे. सिनेमाच्या प्रमाणपत्रामुळे ‘केवळ प्रौढांसाठी’ या शब्दांना एक वास चिकटला. इथे त्यांचा अर्थ साधा आहे: बारा, चौदा किंवा सोळा वर्षांखालील मुलांसाठी ही जागा नाही. लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर तापते. चाळीस अंशांचे पाणी त्याला सोसत नाही. शिवाय पाच वर्षांच्या मुलाने तासभर न बोलता पडून राहावे, ही अपेक्षा त्याच्यावरच अन्याय करते. त्याच्यासाठी बेटावर वाळूचे किनारे आहेत. वाचनालयात शांतता पाळायला सांगणाऱ्याला आपण मुलांचा शत्रू म्हणतो का?

औषधी गुणांविषयी मी प्रतिपक्षाशी बराच सहमत आहे. मारी क्युरी 1918 मध्ये इथल्या पाण्यातील किरणोत्सार तपासायला आल्या, म्हणून ते पाणी सर्वरोगहारी ठरत नाही. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावेच. पण मानेपर्यंतच्या पाण्यात शरीराचा भार सांध्यांवर जेमतेम एक दशांश उरतो आणि उबेने स्नायू सैलावतात, याला चमत्कार लागत नाही. दुखऱ्या गुडघ्यांना तेवढे पुरते. पालीजवळच्या उन्हेऱ्याला किंवा गणेशपुरीला गुडघे शेकायला गेलेल्या आजोबांना घरी आल्यावर ‘पाहिलं काय?’ असे कोणी विचारत नाही. मग इस्कियाहून आलेल्यालाच का?

निवाडा वाचकांचा. माझी विनंती एवढीच: इटलीच्या पुढच्या बेतातून एक शहर वगळा आणि ते दिवस या किनाऱ्याला द्या. नेपल्सच्या बेव्हेरेल्लो धक्क्यावरून सुटणारी जलद बोट तासाभरात इस्कियाला पोचते.