लिथमची पवनचक्की

पहाटे उठून जात्यावर दळणाऱ्या आपल्या आज्यांचे हात दुखायचे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या किनाऱ्यावर, रिबल नदीच्या मुखाशी लिथम गाव आहे. तिथे हे काम वारा करायचा. १८०५ साली बांधलेली तिथली पवनचक्की आजही उभी आहे.

ती म्हणजे गोल, पांढरा बुरूज, वर निमुळता होत गेलेला. माथ्यावर पालथ्या होडीसारखी लाकडी टोपी आणि चार मोठी पाती. वाऱ्याची दिशा बदलली की टोपी फिरायची आणि पाती वाऱ्यासमोर यायची. पात्यांबरोबर आतली दातेरी चाकं फिरत आणि चाकांमुळे दगड. दगडांची रीत मात्र आपल्या जात्याचीच: खालची तळी स्थिर, वरची फिरती.

जानेवारी १९१९ मध्ये मोठं वादळ झालं. ब्रेक लावलेला होता, तरी पाती फिरू लागली. घर्षणाने ठिणग्या उडाल्या, लाकडाने पेट घेतला आणि आतलं सगळं जळालं. १९२१ साली तिथल्या जमीनदाराने ती गावच्या कौन्सिलला दिली. पुढे डागडुजी झाली. १९८९ पासून आत संग्रहालय आहे.

तिथे आता दळण होत नाही. तरी पीठ कसं व्हायचं, हे मुलांना दिसतं.

आपली जाती मात्र परसात पडून आहेत. त्यांवर किती पहाटा गेल्या, याची नोंद कुठेच नाही. दळलेल्या आज्या अजून आहेत तोवर त्यांना विचारू या आणि गटाच्या वहीत लिहून ठेवू या.