ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये डावलले गेलेले खेळाडू

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग (एएफएल) ही ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा आहे. तिच्या पुरुष संघांत नव्या खेळाडूंची भरती प्रामुख्याने दरवर्षी होणाऱ्या राष्ट्रीय ड्राफ्टद्वारे केली जाते. पात्र असूनही या ड्राफ्टमध्ये कोणत्याही क्लबने न निवडलेल्या खेळाडूंना सर्वसाधारणपणे डावलले गेलेले खेळाडू मानले जाते. त्यांपैकी बहुतेकांना पुढेही व्यावसायिक संधी मिळत नाही. काही खेळाडू मात्र रूकी यादी, राज्य पातळीवरील लीग किंवा हंगाममध्य ड्राफ्ट या मार्गांनी एएफएलमध्ये पोहोचले आणि आपल्या पिढीतील अग्रगण्य खेळाडू ठरले.

पार्श्वभूमी
पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट १९८६ साली झाला. त्या वेळी ही स्पर्धा व्हिक्टोरियन फुटबॉल लीग या नावाने ओळखली जात होती. १९९० पासून तिला सध्याचे नाव मिळाले. श्रीमंत क्लबांनी सर्व गुणी खेळाडू आपल्याकडे ओढू नयेत, हा ड्राफ्टमागील मुख्य हेतू होता. आयपीएलप्रमाणे येथे खेळाडूंवर बोली लावली जात नाही. आधीच्या हंगामात तळाशी राहिलेल्या क्लबला सर्वप्रथम निवडीचा हक्क मिळतो आणि विजेत्या क्लबची पाळी शेवटी येते. क्लब आपल्या पाळ्यांची परस्परांत देवाणघेवाण करू शकतात. माजी खेळाडूंच्या मुलांसाठी आणि क्लबांच्या प्रबोधिनींतील खेळाडूंसाठी स्वतंत्र नियम आहेत.

अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये साधारणपणे ६० ते ७० खेळाडू निवडले गेले आहेत. देशभरातील १८ वर्षांखालील स्पर्धांत खेळणाऱ्या युवकांच्या तुलनेत ही संख्या अत्यल्प आहे.

निवड न होण्याची कारणे
ड्राफ्टमधील बहुतांश उमेदवार शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षात असतात. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १८ वर्षे पूर्ण करणारे युवक एकाच गटात मोजले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला खेळाडू यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असूनही त्यांची तुलना एकाच मापाने होते. या वयात एका वर्षात उंची, वजन आणि ताकद यांत मोठा फरक पडू शकतो.

उंच खेळाडूंच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र असतो. चेंडू पुन्हा खेळात येताना उंच उडी घेऊन तो आपल्या संघाकडे वळवणाऱ्या खेळाडूला रकमन म्हणतात. या स्थानावरील खेळाडूंची शारीरिक वाढ आणि कौशल्य परिपक्व होण्यास बराच काळ लागतो. याउलट मध्यभागी खेळणाऱ्यांना वेग कमी असल्याच्या किंवा उंची अपुरी असल्याच्या कारणावरून नाकारले जाते. निवडपूर्व चाचणी शिबिरात धाव, उडी आणि दमश्वास यांचे मोजमाप होते. गर्दीत चेंडू कोठे पडेल याचा अचूक अंदाज घेण्याची क्षमता मात्र अशा चाचण्यांत दिसून येत नाही. ऐन निवडीच्या वर्षी झालेली दुखापतही संधी हुकण्याचे एक कारण ठरते.

पर्यायी मार्ग
१९९७ पासून रूकी ड्राफ्ट सुरू झाला. मुख्य यादीबाहेर, कमी खर्चात आणि कमी मुदतीच्या करारावर खेळाडू घेण्याची मुभा क्लबांना त्यातून मिळाली. सुरुवातीच्या काळात अशा खेळाडूला मुख्य यादीत बढती मिळाल्याशिवाय वरिष्ठ सामना खेळता येत नसे.

दुसरा मार्ग राज्य पातळीवरील लीगमधून जातो. व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील लीगमध्ये खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत राहतात आणि वयाच्या विशीतही पुन्हा निवडीस पात्र असतात. हंगाम सुरू असताना होणारा ड्राफ्ट १९९० ते १९९३ या काळात अस्तित्वात होता. तो २०१९ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. दीर्घकालीन दुखापत किंवा निवृत्तीमुळे रिकामी झालेली जागा क्लबांना त्यातून भरता येते.

उल्लेखनीय खेळाडू
डीन कॉक्स: वेस्ट कोस्ट ईगल्सने या रकमनला रूकी म्हणून घेतले. त्याने २९० सामने खेळले, २००६ च्या विजेत्या संघात स्थान मिळवले आणि सहा वेळा वर्षातील सर्वोत्तम संघात, म्हणजेच ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, त्याची निवड झाली.

ॲरन सँडिलँड्स: २११ सेंटिमीटर उंचीचा हा रकमनही रूकी यादीतूनच फ्रीमँटल संघात आला आणि २७१ सामने खेळला.

सॅम मिचेल: २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही निवडले नाही. पुढील वर्षी हॉथॉर्नने त्याला ३६व्या क्रमांकावर घेतले. २००८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली संघाने विजेतेपद मिळवले.

मॅट प्रिडिस: राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये डावलला गेल्यानंतर तो वेस्ट कोस्टच्या रूकी यादीत आला. २०१४ मध्ये त्याने ब्राउनलो पदक पटकावले. हे पदक पंचांच्या मतांवर दिले जाते आणि लीगमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान मानले जाते.

निक मॅक्सवेल: रूकी म्हणून सुरुवात करून तो कॉलिंगवूडचा कर्णधार झाला. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने २०१० चे विजेतेपद जिंकले.

जेम्स पॉडसिॲडली: दोन क्लबांच्या रूकी यादीत राहूनही त्याला वरिष्ठ सामना मिळाला नव्हता. अखेर २०१० मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, त्याने जिलाँगकडून पदार्पण केले. पुढच्याच वर्षी तो विजेत्या संघाचा भाग होता.

मार्लियन पिकेट: २०१९ च्या हंगाममध्य ड्राफ्टमध्ये रिचमंडने २७ वर्षांच्या पिकेटला निवडले. त्याचा पहिला एएफएल सामना थेट त्या वर्षीचा अंतिम सामना होता. अंतिम सामन्यात पदार्पण करण्याची १९५२ नंतरची ही पहिलीच वेळ होती. रिचमंडने तो सामना ८९ गुणांनी जिंकला.

मूल्यमापन
या उदाहरणांवरून ड्राफ्ट निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. नंतर यशस्वी झालेल्यांचीच नावे नोंदीत उरतात. राज्य लीगमध्ये अनेक वर्षे खेळूनही बोलावणे न आलेल्यांची चर्चा होत नाही. रूकी यादीतील अनेक खेळाडू एकही वरिष्ठ सामना न खेळता मुक्त केले जातात. मात्र अठराव्या वर्षी केलेले मूल्यमापन हे त्या वयापुरतेच असते आणि शारीरिक वाढ, अनुभव व जिद्द यांचा हिशेब त्यात पूर्णपणे मांडता येत नाही, हे या कारकिर्दींमधून दिसते. रूकी यादी आणि हंगाममध्य ड्राफ्ट यांमुळे क्लबांना आपला निर्णय काही प्रमाणात सुधारता येतो. खेळाडूच्या दृष्टीने मात्र त्यासाठी लागणारी वर्षे अल्प उत्पन्नाची आणि अनिश्चिततेची असतात.