नवगावचा किनारा आणि एक जनुक

अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे बेने इस्रायली परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. लेखी पुरावा नाही. मग तो पेशीत सापडेल का?

रायबोसोम प्रथिने बांधतो, हे आपण वर्गात शिकवतो. त्याच्या लहान भागातील एस-४ या प्रथिनाचे जनुक माणसात एक्स व वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असते. दोन्ही प्रथिनांत २६३ पैकी १९ अमिनो आम्ले वेगळी, काम तेच. वायवरची प्रत मात्र फक्त बापाकडून मुलाला मिळते. म्हणूनच आरपीएस४वाय-७११ हा एका अक्षराचा बदल (सीच्या जागी टी) इतिहासाच्या उपयोगी पडला. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली एक प्राचीन पितृशाखा त्यावरून ओळखतात.

पुढे सगळा जीनोमच वाचता येऊ लागला. २०१६ च्या एका अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये ज्यू व भारतीय, दोन्ही वारसे भरपूर आढळले. पहिला अधिक पुरुषांकडून, दुसरा स्त्रियांकडून. मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे. सात स्त्रियांची कथा इथे अडखळते खरी. पण मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना बजावून सांगायला हवे.

इस्रायलमध्ये यांच्या विवाहांवर धर्मपीठाने शंका घेतली, आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तेथील सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू ठरवले. तेव्हा कोणाचेही वाय गुणसूत्र तपासले गेले नव्हते.